तुझ्या गोष्टींनी आई हसली, त्याबद्दल

प्रिय मैत्रिणी,

हे पत्र तुझ्या घरी येऊन हातात देता आलं असतं. पण तुझ्या पुस्तकामुळे आमच्या घरात जे झालं ते इतरांनीही वाचावं, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहिते आहे. स्मृतिभ्रंश झालेलं माणूस घरात असलेली कुटुंबं आपल्या वाशीत, कोपरखैरण्यात, नेरूळला पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती हे पुस्तक पडलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आईची अवस्था तू पाहिली आहेस. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण वाशीत सामान घेऊन आलो तेव्हा टेम्पोवाल्याने पूल ओलांडायचे किती पैसे जास्त मागितले, ते मात्र आठवतं. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की अल्झायमरमध्ये नव्या आठवणी धरून ठेवणारा मेंदूचा भाग आधी निकामी होत जातो, जुन्या आठवणी त्या मानाने जास्त दिवस टिकतात. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, हेही सांगितलं होतं. हे सगळं खरं. पण संध्याकाळी सात वाजता आई पिशवी भरून दाराशी उभी राहिली आणि "मला घरी सोडा" म्हणाली, की त्या क्षणी तोंडातून काय शब्द काढायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं. ते तुझ्या गोष्टीने सांगितलं.

तुझ्या आईवरची, म्हणजे आमच्या काकूंवरची ती गोष्ट. ज्यांनी अजून वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकू रोज संध्याकाळी दादरची शेवटची बस पकडायला निघतात. लेक वाद घालत नाही. त्यांची पिशवी उचलते, दोघी बसस्टॉपपर्यंत जातात, बाकावर बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर बोलतात. थोड्या वेळाने लेक म्हणते, "आजची बस चुकली वाटतं. आमच्याकडे राहता का?" काकू जरा आढेवेढे घेऊन तयार होतात. घरी आल्यावर शेजारणीला सांगतात, "या मुलीने फार आग्रह केला हो, चांगल्या घरची दिसते." मग पन्नाशी ओलांडलेल्या त्याच लेकीला विचारतात, "तुझं लग्न ठरलंय का? माझा एक भाचा आहे." आणि तू विचारतेस, "मुलगा काय करतो?"

ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसले आणि मग बराच वेळ पुस्तक मिटून बसून राहिले. काकूंच्या आजारावर तू एकदाही हसलेली नाहीस. त्या जे जग बघत होत्या त्यात तू पाहुणी म्हणून शिरलीस आणि तिथल्या रीतीने वागलीस. हसू येतं ते त्यातून. असा विनोद लिहायला किती माया लागते, हे घरात असा आजार असलेल्यालाच कळेल. आता आमच्याकडेही संध्याकाळी पिशवी भरली की मी चप्पल घालते. आम्ही सागर विहारच्या बाजूला चक्कर मारतो आणि आई पाहुणी होऊन परत येते. आल्यावर चहा घेते. कधी कधी तर आमच्या घराचं कौतुकही करते.

बाकीच्या गोष्टींबद्दलही सांगायलाच हवं, कारण हे पुस्तक आजारपणाचं नाही. ते आपल्या वाशीचं आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी निघाली, १९७३ मध्ये खाडीवरचा पूल झाला आणि आपल्या आईवडिलांच्या पिढीने मुंबई सोडून या चिखलात घर घेतलं, तेव्हाच्या वाशीचं. तुझ्या गिरगावच्या आत्या पहिल्यांदा येतात तेव्हा निघताना हातावर दही घेऊन निघतात, सोबत दोन वेळचा डबा असतो आणि दारात पाय ठेवल्या ठेवल्या विचारतात, "इथे दूध मिळतं का गं?" आमच्याकडे आलेल्या प्रत्येक नातेवाइकाने हाच प्रश्न विचारला होता! ज्यांचं बालपण त्या काळच्या वाशीत गेलं त्यांना ही गोष्ट वाचताना आपापली आत्या दिसेल.

नव्या वाचकाने मात्र पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. आधी किल्लीची गोष्ट वाचावी. ९ मे १९९२ ला मानखुर्द ते वाशी लोकल सुरू झाली, त्यानंतरच्या रविवारी तुमचं अख्खं कुटुंब काही काम नसताना मानखुर्दला जाऊन यायला निघालं. काकूंनी ठेवणीतली साडी नेसलेली. गाडी खाडीवर आली तशी आजींनी पदराची गाठ सोडून रुपया पाण्यात टाकला, हात जोडले आणि मानखुर्द येईपर्यंत समाधानाने बसून राहिल्या. परत आल्यावर दारात उघडलेल्या गाठीत रुपया शाबूत होता, किल्ली नव्हती. पुढचा सगळा भाग जिन्यात घडतो. कुलूपवाला मिळेपर्यंत चारही शेजारघरांतून जेवण येतं आणि आजी प्रत्येकीला ठासून सांगतात की खाडीला काय पोचायचं ते पोचलं. तुझ्या लिहिण्याची खुबी मला इथे सगळ्यात जास्त जाणवली. तू काहीही फुगवून सांगत नाहीस. कोणत्या घरातून भाजी आली, कोणत्या घरातून भात, कोणाच्या पोळ्या जाड होत्या, एवढंच नीट सांगतेस आणि हसू आपोआप फुटतं.

लग्नाची गोष्टही छान आहे. मार्केटातले व्यापारी तुझ्या लग्नात आहेर म्हणून कांद्याची पोती पाठवतात आणि वऱ्हाडापेक्षा पोत्यांना जागा जास्त लागते. गाळा, आडत, हमाली, पट्टी हे सगळं तू घरातल्या भाषेसारखं वापरतेस, कारण काकांची नोकरीच त्यातली. फक्त शेवटी पाठवणीचं लांबलं आहे असं मला वाटलं. पोत्यांपाशी थांबली असतीस तरी चाललं असतं.

आणि एक पान आहे ज्यावर एकही विनोद नाही. वाशीगावातून मासे घेऊन येणाऱ्या मावशींची गोष्ट रंगात आलेली असते. काकूंना निवट्या साफ करायला शिकवताना दोघींची जी तारांबळ उडते ती वाचताना पोट दुखेपर्यंत हसायला येतं, आणि मधेच तू १९८४ च्या जानेवारीवर येतेस. नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली, योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले, जासईच्या परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या आठवड्यात मावशी आल्या नाहीत. आल्या तेव्हा पाटी न उतरवता दारात बसल्या आणि काकूंनी काही न विचारता पाणी दिलं. आपण ज्या जमिनीवर घरं बांधून राहिलो, तिच्यावर आधी कोणाची शेती आणि मिठागरं होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी लिहिलं आहे. तू लिहिलंस, तेही हसवणाऱ्या पुस्तकात, याचा मला अभिमान वाटतो.

तू घातलेली अट मी पाळली आहे. गिरगावच्या आत्यांनी अजून पुस्तक वाचलेलं नाही आणि त्यांनी ते दुसऱ्या कोणाकडून ऐकण्याआधी तुझ्याकडून वाचावं अशी तुझी इच्छा आहे. म्हणून इथे तुझं नावही नाही आणि पुस्तकाचंही नाही. ज्यांना प्रत हवी असेल त्यांनी मला विचारावं, मी घरपोच देईन. आपल्या वाचनालयाला एक प्रत मी तुला न विचारताच दिली. छापलेल्या प्रती थोड्या आहेत हे माहीत आहे, पण तिथे ती शंभर घरं फिरेल.

आता खरी बातमी. रोज सकाळी मी आईला तुझी एक गोष्ट वाचून दाखवते. कालची तिला आठवत नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट नवी असते आणि ती तितक्याच मनापासून हसते. तिच्या आवडीची एकच आहे: काका चुकून दुसऱ्याच्या घरी जातात ती. सिडकोच्या एका साच्यातल्या इमारती, वीज गेलेली, काका अंधारात शेजारच्या इमारतीत त्याच मजल्यावरच्या त्याच दारातून आत शिरतात, खुर्चीत बसून "चहा टाक गं" म्हणतात, आणि त्या घरातली बाई आपल्या नवऱ्याकडे कोणीतरी आलं असेल असं समजून खरंच चहा आणून देते. कप ठेवताना आवाज ऐकून काका ताडकन उठतात. त्या बाईचं नाव तू लिहिलेलं नाहीस. काकांनाच कधी कळलं नव्हतं, असं तू म्हटलं आहेस.

आई म्हणते, तो चहा तिने दिला.

एकदाच म्हणाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ही गोष्ट वाचली की दर वेळी ती तेच सांगते आणि तपशील बदलत नाहीत. घरात दूध संपलं होतं, म्हणून चहा कोरा होता आणि त्यात गवती चहा घातला होता. बशी एकच होती, ती तिने पाहुण्याला दिली. ते गृहस्थ कप घेऊनच पळाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी धुतलेला कप दाराशी ठेवून गेलं, आत चार लिमलेटच्या गोळ्या होत्या. गवती चहा, कप आणि गोळ्या तुझ्या गोष्टीत नाहीत. आम्ही तेव्हा तुमच्या शेजारच्याच इमारतीत होतो, त्याच मजल्यावर.

काका तर आता नाहीत. पण तुला आठवतं का बघ, घरात कधी अनोळखी कप आला होता का, काका लिमलेटच्या गोळ्या आणायचे का. आणि स्वतःच येऊन आईला विचार. दहा-अकराच्या सुमारास ये, तेव्हा ती ताजीतवानी असते. तू कोण हे तिला ओळखू येणार नाही, पण तू सांग की त्या गृहस्थांची मुलगी आहे आणि चहाचे आभार मानायला आले आहे. गवती चहा मी आणून ठेवते.

तुझी,
शेजारच्या इमारतीतली मैत्रीण
वाशी, नवी मुंबई