शिंदळ माकुडी कड्यावरून नव्हे, रोपवाटिकेतून यावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सातारा शहरात आणि महामार्गालगतच्या रोपवाटिकांत मांसल खोडापानांच्या शोभेच्या झाडांना, म्हणजे ज्यांना आता सर्रास ‘सक्युलंट’ म्हटले जाते त्यांना, गेल्या काही वर्षांत चांगलीच मागणी आली आहे. मेक्सिकोकडची एकेव्हेरिया, दक्षिण आफ्रिकेची हॉवर्थिया आणि जेड ही मंडळी वाढदिवसाच्या भेटीपासून बँकेतल्या काउंटरपर्यंत सगळीकडे दिसतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे काही कारण नाही. मात्र आपल्याच जिल्ह्यातील कड्यांवर वाढणारी, महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या कोठेही न आढळणारी आणि दिसायला यांपैकी कोणाहूनही कमी नसलेली शिंदळ माकुडी मला साताऱ्यातील रोपवाटिकांत कधी विकत मिळाली नाही. परिणामी ज्यांना ती हवी असते, त्यांतले काही जण ती कड्यावरूनच उपटून आणतात. अशी आणलेली झाडे मी ओळखीच्या घरांतून पाहिली आहेत आणि त्यांतली बहुतेक पुढचा पावसाळा पाहत नाहीत. म्हणून या वनस्पतीच्या लागवडीविषयी आणि विशेषतः छाटांपासून रोपे तयार करण्याविषयी आपल्या दैनिकातून चार शब्द सांगावेत, असे वाटले.

निकोल डॅलझेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. हे फ्रियर गव्हर्नर होण्यापूर्वी, १८४७ पासून, साताऱ्यालाच रेसिडेंट, म्हणजे दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणून होते आणि १८४८ मध्ये साताऱ्याच्या महाराजांच्या निधनानंतर ईस्ट इंडिया कंपनीने हे राज्य खालसा करू नये असे त्यांचे मत होते. ते कोणी मानले नाही, हा भाग वेगळा. शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, महाबळेश्वरचा परिसर आणि आपला सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या उभ्या कातळावर तिची नोंद आहे. आय.यू.सी.एन. या निसर्गसंवर्धनाचे काम करणाऱ्या जागतिक संस्थेने एकेकाळी जगातील नष्ट होण्याच्या बेतात असलेल्या बारा वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश केला होता. पुढे आणखी काही ठिकाणे सापडली, तरी एकूण जागा अजूनही बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

दिसायला ती कशी असते हे सांगणे अवश्य आहे, कारण अनेकांनी ती पाहूनही ओळखलेली नसते. करंगळीएवढी जाड, गोलसर, हिरवट करड्या रंगाची खोडे कातळाच्या फटीतून बाहेर येऊन खाली लोंबतात. पावसाळ्यात त्यांच्या शेंड्यांना जाडसर, लांबट हिरवी पाने फुटतात आणि पावसाच्या अखेरीस पानांच्या बगलेत सुमारे दोन सेंटीमीटर रुंदीची, पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखी फुले येतात. रंग गडद तांबडा, प्रत्येक पाकळीवर पिवळा ठिपका आणि कडेला बारीक लव. भिंग घेऊन पाहिले तर ही लव वाऱ्याने हलताना दिसते. परागीभवन माश्यांकडून होते. माश्यांना ओढणारा वास वेगळाच असतो, त्यामुळे सुगंधाची अपेक्षा मात्र ठेवू नये. ही वनस्पती रुईच्याच कुळातली असली तरी तिचे खोड कापल्यावर रुईसारखा पांढरा चीक येत नाही, पाण्यासारखा रस येतो.

तिला कुंडीत वाढवणाऱ्यांची पहिली गल्लत होते ती हिवाळ्यात. पाऊस संपला की पाने पिवळी पडून गळतात आणि कुंडीत नुसती उघडी खोडे उरतात. झाड मेले असे समजून कोणी ते फेकून देतो, तर कोणी काळजीपोटी रोज पाणी घालू लागतो आणि मग ते खरोखरच मरते. वस्तुतः पाने गाळणे हीच तिची जगण्याची रीत आहे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दाखवण्यात आले की, तिची पाने सामान्य झाडांप्रमाणे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, तर खोड निवडुंगाप्रमाणे रात्री रंध्रे उघडून तो साठवते आणि दिवसा वापरते. पाणी भरपूर आहे तोवर पानांच्या जोरावर वेगाने वाढायचे आणि पाणी संपले की पाने टाकून खोडावर भागवायचे, अशी ही दुहेरी व्यवस्था एकाच झाडात आहे. म्हणून नोव्हेंबरनंतर पाणी हळूहळू कमी करावे आणि उन्हाळ्यात खोडे सुरकुतू लागली तरच थोडेसे द्यावे.

रोपे तयार करण्यासाठी छाट हा सर्वांत सोपा मार्ग आहे. एकेव्हेरियाचे किंवा पानफुटीचे पान मातीवर ठेवले की त्याला रोप फुटते, हे पाहिलेले लोक शिंदळ माकुडीचीही पाने लावून वाट पाहत बसतात. पण तिच्या पानांपासून रोप होत नाही, खोडच लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, हवा कोरडी आणि उबदार असताना, निरोगी खोडाचा बोटभर लांबीचा तुकडा धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने कापावा. तो लगेच मातीत खोचू नये. सावलीत, हवेशीर जागी कागदावर आठवडाभर ठेवला की कापलेली जागा सुकून तिच्यावर कोरडी खपली धरते. अंगठ्याने हलके दाबून पाहावे; ओलसर लागली तर आणखी दोन दिवस थांबावे. ही खपली धरण्याआधी लावलेली छाट बुडातून काळी पडते आणि एकदा काळेपणा वर चढू लागला की शेंड्याकडचा हिरवा भाग कापून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसते.

मातीच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आहे आणि एक अडचणही आहे. अडचण अशी की, कृष्णाकाठची काळी माती, जी उसाला उत्तम, ती या झाडाला घातक आहे. ती फुगते, पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. सोय अशी की, या झाडाला हवा तसा निचरा देणारा मुरूम आपल्याकडे पावलोपावली मिळतो. कुंडीतला निम्म्याहून अधिक भाग चाळून धूळ काढलेला मुरूम असावा, त्यात विटांचे बारीक तुकडे व थोडी जाडी वाळू मिसळावी आणि पालापाचोळ्याचे खत मूठभरच घालावे. शेणखताचा सढळ वापर करण्याची आपली सवय इथे आवरावी लागते. छाट या मिश्रणावर आडवी ठेवली किंवा जेमतेम दोन सेंटीमीटर खोचली तरी पुरते, कारण खोड जमिनीला टेकते तेथून मुळे सोडण्याचा तिचा स्वभावच आहे. पहिला आठवडा पाणी देऊ नये, नंतर शिंपडल्याइतके द्यावे. तीन-चार आठवड्यांनी छाट हलके ओढून पाहिली आणि ती जागची हलली नाही, तर मुळे धरली असे समजावे.

पावसाविषयी एक गैरसमज आहे. अशा झाडांना पावसाचा थेंबही लागू देऊ नये, असे सांगितले जाते. हा सल्ला परदेशी झाडांना लागू असेल. शिंदळ माकुडी मात्र सह्याद्रीचा धो धो पाऊस अंगावर घेऊनच वाढलेली आहे. तिथे पाणी कितीही पडले तरी उभ्या कातळावरून ते क्षणात वाहून जाते, हा खरा मुद्दा आहे. त्यामुळे कुंडी उथळ, मातीची आणि तळाला मोठी भोके असलेली असेल, तिच्याखाली पाणी साठवणारी बशी नसेल, तर ती पावसात खुशाल ठेवावी. सकाळचे ऊन आणि दुपारी थोडी सावली तिला मानवते. कीड म्हणाल तर पिठ्या ढेकणाकडे लक्ष ठेवावे लागते. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको, पण कुंडीत तो मुळांशी दडून बसतो आणि झाड विनाकारण मलूल दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. खोडावरचा ढेकूण स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसता येतो. मुळांवर असेल तर कुंडी मोकळी करून मुळे धुवावीत, चार दिवस सुकवावीत आणि नव्या मिश्रणात लावावीत.

एवढ्या सोप्या रीतीने जे झाड वाढते, ते मिळवण्यासाठी कड्यावर हात घालावा लागतो, हे अजब आहे. राखीव वनातून वनोपज नेणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम २६ नुसार गुन्हा आहे, परंतु कातळाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर पहारा ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य नाही. मागणी राहणार असेल तर ती पुरवण्याचा सरळ मार्ग उपलब्ध करून देणे अधिक शहाणपणाचे ठरेल. वन विभागाने आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी रीतसर परवानगीने, जाणकारांच्या देखरेखीखाली काही मोजकी मातृझाडे तयार करावीत, त्यांच्या छाटांपासून वाढवलेली रोपे चिठ्ठी लावून माफक दरात विकावीत आणि खासगी रोपवाटिकांनाही तीच पुरवावीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिंदळ माकुडीच्याच कुळातल्या खर्चुडीच्या (कंदीलपुष्पाच्या) दुर्मीळ जातींवर केलेले काम सर्वश्रुत आहे. या भागात मार्गदर्शनाची वानवा नाही.

यात एक सावधगिरी हवी. एकाच झाडाच्या शंभर छाटा म्हणजे शंभर वेगळी झाडे नव्हेत. ती एकाच झाडाची शंभर रूपे आहेत. त्यांच्यात विविधता नसते आणि आपसातील परागीभवनातून बी धरण्याची आशाही कमी असते. म्हणून रोपवाटिकेने निरनिराळ्या मातृझाडांच्या छाटा वेगळ्या ठेवाव्यात व प्रत्येकीचे मूळ ठिकाण नोंदवहीत लिहावे. त्याचप्रमाणे घरी वाढवलेली रोपे उत्साहाच्या भरात गडावर नेऊन लावण्याचा मोह टाळावा. शिवनेरीकडचे झाड सज्जनगडावर लावले तर तिथल्या मूळ झाडांत भलतीच सरमिसळ होते आणि कुंडीतली कीडही सोबत जाते. घरची रोपे घरीच राहावीत. पुनर्रोपणाचे काम तज्ज्ञांचे आहे.

शेवटी आपल्या दैनिकाकडेच एक विनंती आहे. पावसाळा सरताना सर्वच वृत्तपत्रांतून रानफुलांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. पश्चिम घाटातील स्थळांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाल्यापासून कासच्या पठाराला जी गर्दी होते, तिला निदान नोंदणी तरी आहे; सज्जनगडाच्या कड्याला तेही नाही. यापुढे शिंदळ माकुडीचे छायाचित्र छापताना गडाचा कोणता बुरूज, कोणती वाट, असा तपशील छायाचित्राखालच्या ओळींत देऊ नये. ‘सातारा जिल्हा’ एवढाच उल्लेख पुरेसा आहे. आपल्या बातमीदारांना आणि छायाचित्रकारांना तशी सूचना द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक वाचक, सातारा