बेकारी भत्त्याचा अर्ज कोणत्या राज्यात?

एडिसन, न्यू जर्सी
२० नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोन सारखा कटत होता, अन् बाबांचं एकच चाललं होतं, "काऊन काढलं? आता पैसे मागायले जातं कुठं?" म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा अख्खा विभागच बंद केला. हे बरंच म्हणायचं, कारण नोकरी आपणहून सोडली किंवा गैरवर्तनानं गेली की इथं भत्ता सहसा मिळत नाही. आणि आई, ही भीक समजू नको. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यापासून चालत आलेला हा विमा आहे. न्यूयॉर्कात त्याचा हप्ता कंपनीनंच भरायचा असतो, नोकरदाराच्या पगारातून कापत नाहीत.

आता कुठं जायचं ते. मी राहते न्यू जर्सीत, ऑफिस होतं नदीपलीकडं मॅनहॅटनला, म्हणजे न्यूयॉर्क राज्यात. अर्ज जिथं काम केलं त्या राज्यात करायचा. आपलं वावर दारव्ह्याला अन् बाबा उद्या पुसदला राहायला गेले, तरी पीकविम्याचा दावा वावराच्या गटावरच लागणार ना? तसंच.

गंमत घरून काम करणाऱ्यांची होते. माझी मैत्रीण त्याच कंपनीची, पण सगळं काम न्यू जर्सीतल्या घरी बसून करायची. तिचा अर्ज न्यू जर्सीत. फ्लोरिडात बसून न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम करणाऱ्या एका बाईनं न्यूयॉर्कचा भत्ता मागितला होता. न्यूयॉर्क राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये नाही म्हटलं. काम करताना माणूस कुठं होता, ते पाहिलं. मला हे पटतं.

रांग-बिंग काही नाही, अर्ज घरूनच ऑनलाइन भरला. सोशल सिक्युरिटी नंबर, कंपनीचा पत्ता, काम सुटल्याची तारीख. पहिला आठवडा कोरडाच जातो. पुढं दर आठवड्याला कळवावं लागतं की काम केलं का, अन् शोधत आहे का. कुठं-कुठं अर्ज टाकले त्याची वहीच केली आहे. असे जास्तीत जास्त २६ आठवडे, अन् त्या पैशावर केंद्राचा आयकरही लागतो!

दादाच्या त्या मित्राला सांगा, माझं पाहून निर्धास्त राहू नकोस. मला ग्रीन कार्ड आहे, कुठंही काम धरता येतं. त्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, कंपनीला बांधलेला. नोकरी गेली तर भत्ता सहसा नाहीच, अन् दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस.

घरभाडं निघतं आहे. तेव्हा माझ्यासाठी कापूस घाईघाईनं गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला घालू नका. दादाला म्हणा, सातबारा काढून सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस खरेदीची, नोंदणी झाली का ते आधी पाहा. आईनं गुडघ्याचं औषध बंद केलं असेल तर तेही कळवा.

तुमची,
बेबी