आजीचं तूप बंद करू नकोस

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मेंदूतल्या कोलेस्टेरॉलनं अल्झायमर बळावतो असं ऐकून तू आजीच्या वरणभातावरचं तूप बंद केलंस, असं आत्या म्हणाली. ऐकलंस ते बरंचसं खरं आहे, पण त्याचा तुपाशी संबंध नाही. फोनवर हे नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण अंगातलं सुमारे 20 टक्के कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असतं. ते ताटातून जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो अडसर असतो, तो रक्तातलं कोलेस्टेरॉल आत येऊच देत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो, मुख्यतः ॲस्ट्रोसाइट नावाच्या चांदणीसारख्या पेशींत. तिथून एपीओई हे प्रथिन ते चेतापेशींकडे नेतं. याच प्रथिनाचा ई4 हा प्रकार असेल तर उतारवयात अल्झायमरचा धोका वाढतो, हे 1993 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या ॲलन रोझेस यांच्या गटानं दाखवलं.

2021 चं एक संशोधन इथल्याच विद्यापीठातल्या हेदर फेरिस आणि फ्लोरिडातले स्कॉट हॅन्सन यांचं. चेतापेशीच्या पडद्यावर कोलेस्टेरॉल दाटलेल्या जागा असतात. एपीपी नावाचं प्रथिन तिथे ओढलं गेलं की त्याचे तुकडे पडून अमायलॉइड तयार होतं, ज्याचे थर आजीसारख्यांच्या मेंदूत साचतात. त्यांनी उंदरांच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये कोलेस्टेरॉल बनणं रोखलं, तेव्हा अमायलॉइड खूपच कमी झालं. वाचून मला फार आशा वाटली. पण मज्जातंतूंवरच्या आवरणालाही कोलेस्टेरॉल लागतंच, त्यामुळे ते सरसकट कमी करून चालणार नाही. आजार जडल्यावर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, देऊनही रुग्णांची घसरण थांबलेली नाही.

आजी आधीच दोन घास खाऊन ताट सारते. या आजारात वजन बरेचदा उतरतं. तूप घातल्यावर ती चार घास जास्त खाणार असेल तर खाऊ दे, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाल.

बाबांची कोलेस्टेरॉलची गोळी मात्र चुकवू देऊ नकोस. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नसलं तरी रक्तवाहिन्या खराब करतं. मध्यमवयात एलडीएल, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, जास्त असलं तर डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोकाही वाढतो, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये नोंदवलंय. बाबांचा लिपिडचा (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट आला की मला पाठव.

तुझी लेक