खेळ संपल्यावरची पंधरा मिनिटे

मा. संपादक,
स. न.

जातीच्या प्रश्नावरील चित्रपटाचा समूह खेळ आणि त्यानंतरची ‘सामाजिक चर्चा’ यांची बातमी कालच्या अंकात वाचली. छायाचित्रात समई, शाली आणि व्यासपीठावर सहा मान्यवर. प्रेक्षक काय बोलले, याचा एक शब्दही बातमीत नाही. दोन तास चित्रपट पाहून आलेल्या माणसाला वर पाऊण तास भाषणे ऐकवली, तर तो बोलणार कधी?

चित्रपटगृहात दोन खेळांमध्ये झाडलोटीपुरताच वेळ असतो. माणसे एकदा पार्किंगमध्ये पांगली की परत जमत नाहीत. म्हणून चालत पाच मिनिटांवरचा शाळेचा वर्ग किंवा वाचनालय आधीच मागून ठेवावे, चहाही तिथेच द्यावा. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो म्हणून कृपया घेऊ नये. महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत हक्कदार) कोण, आत कुठवर कोणी जायचे आणि पायरीशी कोणी थांबायचे, हे गावात न सांगता कळते. तिथे बसून जातीविषयी मोकळेपणाने बोला, असे पायरीवरच्या माणसाला सांगणे हाही अन्यायच आहे.

खेळ दुपारचा घ्यावा. संध्याकाळी ठेवला की गोव्यातल्या सत्तरी-पेडण्याकडच्या बायका शेवटच्या बससाठी आधीच उठतात, स्वतःची गाडी असलेले पुरुष तेवढे उरतात. दहा-बारा जणांना गोल बसवावे. “चित्रपट कसा वाटला?” असे विचारले की गाडी अभिनयावर आणि गाण्यांवर जाते. त्यापेक्षा पाणवठ्यावरचा किंवा शाळेतला एकच प्रसंग धरावा आणि विचारावे, हे आपल्या वाड्यावर कुठल्या रूपात घडते? सुरुवातीला कोणीच बोलत नाही. जो तो चहाच्या कपात पाहत बसतो. ती शांतता सोसावी लागते. संयोजक नेमका तिथेच घाबरतो आणि पाहुण्यांच्या हाती माइक देतो. मग चर्चा संपली!

तारखेचेही भान हवे. ‘फुले’ हा चित्रपट २०२५ मध्ये ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. काही संघटनांचे आक्षेप आणि प्रमाणन मंडळाने सांगितलेले बदल यांच्या वादात तो २५ एप्रिलला आला. तिकीटविक्री उघडल्याशिवाय बसची आणि जागेची आगाऊ रक्कम कोणाला देऊ नये. आणि पहिला आठवडा चुकवू नये, कारण पुढच्या शुक्रवारी असे चित्रपट सकाळच्या एखाद्या खेळावर ढकलले जातात किंवा उतरतात. ‘ओटीटीवर आला की मंडळात दाखवू’ हेही चालत नाही. घरच्या वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क नसतो, हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.

आणखी एक. आपल्या दैनिकात चित्रपटांच्या वेळा छापणे बंद झाले आहे. मोबाइलवर तिकीट न काढणाऱ्यांना खेळ कधी आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही. निदान शुक्रवारच्या अंकात तरी ते सदर पुन्हा सुरू करावे.

— एक वाचक, डिचोली