नाडी लागली नाही तरी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर बाबांच्या हृदयाला पंप बसवण्याचा विषय निघाला, आई रडायला लागली आणि मला धड काही सांगताच आलं नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टातले २० टक्के म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला फक्त पाचवा हिस्सा बाहेर पडतो. निरोगी माणसात निम्म्याहून जास्त पडतं. म्हणून ती पायांची सूज आणि गोठ्यापर्यंत जाताना लागणारा दम. एलव्हॅड, म्हणजे थकलेल्या डाव्या कप्प्याला मदत करणारा पंप, बसवताना हृदय काढत नाहीत. पंप हृदयाच्या टोकाशी बसतो, डाव्या कप्प्यातलं रक्त ओढतो आणि नळीने महाधमनीत सोडतो. तुमच्यासाठीचा पंप हार्टमेट ३ नावाचा, त्यातलं चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरतं, मिनिटाला हजारो फेरे, कुठेही न घासता.

आता अवघड भाग. पोटाच्या कातडीतून एक वायर कायमची बाहेर राहते, कंट्रोलर (पंप चालवणारी छोटी पेटी) आणि बॅटऱ्यांना जोडलेली. जंतुसंसर्गाची भीती तिथेच, त्यामुळे ड्रेसिंगमध्ये हयगय चालत नाही. विहिरीत पोहणं संपलं. रक्त पातळ करायची गोळी रोज, आणि रक्त किती पातळ झालंय ते बघणारी आयएनआर तपासणी वारंवार. एवढं करूनही रक्तस्राव किंवा पक्षाघात होऊ शकतो. मोमेंटम ३ या मोठ्या चाचणीत हा पंप बसवलेले सुमारे ५८ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. मला हा आकडा आशेचा वाटतो, पण बाकीचे ४२ लपवून तुमच्याकडून होकार घ्यायचा नाही.

आई, तू रात्री उठून बाबांचं मनगट धरतेस. दिवाळीत पलीकडच्या खोलीत तुझ्या बांगड्या वाजायच्या, मग बराच वेळ काहीच आवाज नाही. तू ठोके मोजत असायचीस. पंपाने रक्त सलग वाहतं, त्यामुळे नाडी बहुधा हाताला लागणारच नाही. तेव्हा घाबरू नकोस. छातीला कान लाव, बारीक गुणगुण ऐकू येईल. गावातल्या डॉक्टरांनाही हे आधीच सांगून ठेवू, म्हणजे नाडी नाही म्हणून कुणी भलतंच बोलणार नाही. लाइट जाण्याचं म्हणशील तर बॅटऱ्या कायम चार्ज ठेवायच्या आणि इन्व्हर्टर मी घेते.

बाबा, हो म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. नाही म्हणालात तरी मी तुमच्याच बाजूने डॉक्टरांशी बोलेन.

शनिवारी सकाळी पोचते. इकोची फाईल आणि चालू गोळ्या वर काढून ठेवा.

तुमची,
ताई