संथ म्हणजे रटाळ नव्हे

संपादक महोदय,

आपल्या चित्रपटविषयक सदरात ‘ब्लेड रनर २०४९’ला ‘रटाळ’ ठरवून चार ओळींत निकालात काढले, म्हणून हे पत्र. १९८२च्या मूळ चित्रपटाच्या चाहत्यांनी या दुसऱ्या भागासाठी तब्बल ३५ वर्षे वाट पाहिली. लांबी १६३ मिनिटे, मान्य! पण गच्चीवरचा तो प्रसंग आठवा. पाऊस पडतोय, नायक के याची नुसत्या प्रकाशाची बनलेली सोबतीण जॉय घराबाहेर आलीय, थेंब हातावर झेलू पाहतेय. के तिच्या ओठांजवळ जातो आणि नेमका त्याच्या वरिष्ठ बाईंचा निरोप येतो. जॉय जागच्या जागी थिजते. ती विकत आणलेली वस्तू आहे, हे कुणी न सांगता कळते. घाईच्या संकलनात हे साधले असते?

कृत्रिम माणसे बनवणाऱ्या उद्योगपती वॉलेसची प्रवचने मात्र खरोखर कंटाळवाणी. तिथे कात्री हवीच होती. व्हँजेलिसच्या मूळ संगीताची सरही नव्याला नाही (हे माझे मत, मुलाला पटत नाही). बाकी मूळ चित्रपटाचा नायक डेकार्ड माणूस की कृत्रिम, हा जुना वाद दिग्दर्शक व्हिलनव्ह यांनी मुद्दाम उघडा ठेवलाय. त्याबद्दल आपल्या समीक्षकांनी चकार शब्द काढू नये, याचे नवल वाटते.

– एक जुना वाचक