मंदारच्या निबंधातले स्वल्पविराम

बोस्टन, रविवार

प्रिय मंदार,
अनेक आशीर्वाद.

एलएल.एम.च्या अर्जासाठीचा तुझा निबंध वाचला. मजकूर झकास आहे. फोर्टातल्या ऑफिसात पागडीच्या खोल्यांची कागदपत्रं पिशवीत घालून आलेल्या आजी तर डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. पण स्वल्पविराम तू अक्षता टाकाव्यात तसे टाकलेत.

शाळेत आपल्याला शिकवलं होतं, दम घ्यायचा तिथे स्वल्पविराम. मोठ्याने वाचायला ते ठीक आहे. इंग्रजी लिहिताना मात्र कुठला तुकडा कशाला जोडलाय ते आधी बघायचं. तू लिहिलंयस, ‘माय सिस्टर हू लिव्ह्ज इन बोस्टन’. एकही स्वल्पविराम नाही. वाचणाऱ्याला वाटणार, याला बहिणी बऱ्याच, त्यातल्या बोस्टनवालीबद्दल हा बोलतोय. बाकीच्या कुठे ठेवल्यात ते आईला विचार! ‘सिस्टर’नंतर एक आणि ‘बोस्टन’नंतर एक दे, म्हणजे माझं बोस्टनला राहणं ही नुसती जादा माहिती होईल. ही जोडी आहे, एक देऊन दुसरा विसरू नकोस.

‘आय बिलीव्ह दॅट’नंतर मात्र तू दर वेळी थांबलायस. ‘तो म्हणाला, की’ लिहायची आपली सवय. इंग्रजीत एरवी या ‘दॅट’च्या आधीही नको, नंतरही नको. कर्ता लांबला की क्रियापदाआधीही तू दम खातोस: ‘द टेनंट्स हू केम टू अवर ऑफिस, वॉन्टेड’. तोही काढ. आणि दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नकोस. मध्ये पूर्णविराम दे, नाहीतर स्वल्पविरामापुढे ‘अँड’ किंवा ‘बट’ घाल.

बाबा म्हणतील, एवढ्याशा शेपटीवरून काय घर डोक्यावर घेतेस! त्यांना हे वाचून दाखव. इथून जवळच्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा लावला होता. ज्या कामांना ओव्हरटाइम नाही त्यांची यादी कायद्यात होती, आणि तिचा शेवट होता ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नाही. मग वितरण हे वेगळं काम, की पाठवणी वा वितरणासाठीचं पॅकिंग हे एकच? ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅकिंग करत नव्हते; म्हणजे हे सगळं एकच पॅकिंग धरलं, तरच त्यांना ओव्हरटाइम मिळणार. त्या राज्याच्या कायद्यांचे मसुदे लिहायच्या नियमावलीतच असा शेवटचा स्वल्पविराम गाळा असं सांगितलं होतं, तरी इथल्या अपील कोर्टाने मार्च 2017 मध्ये संदिग्धतेचा फायदा ड्रायव्हरांना दिला. 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे विधिमंडळाने त्या यादीत अर्धविराम घातले!

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधीचा हा स्वल्पविराम म्हणजेच ऑक्सफर्ड कॉमा. तो देणं-न देणं तुझ्या मर्जीवर, पण निबंधभर एकच रीत पाळ. घोटाळा होत असेल तिथे वाक्यच बदल. वकिलाला हे मी काय सांगू.

रकमेतला स्वल्पविरामही बघ. ‘12,00,000’ इथे छापण्यातली चूक वाटते. ‘1,200,000’ लिही आणि पुढे रुपये म्हण.

सुधारलेला निबंध शुक्रवारपर्यंत पाठव. शनिवारी तुझ्या रात्री फोन करते, शेवटचा परिच्छेद अजून पसरट आहे त्यावर बोलू. आई-बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई